बेळगावच्या सांबरा विमानतळावर धुक्यात अडकून परिषदेला पोचलो. विमान लांबलं की मन ताजं कसं ठेवता?

उद्यमबागकर | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, नमस्कार.

गेल्या आठवड्यात कोलकात्याला कास्टिंगवरच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतायच्या कामावरच्या परिषदेला जाऊन आलो. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत २६ वर्षं काढली, पण परिषदेत पेपर वाचायची ही पहिलीच वेळ. विषय आमच्या रोजच्या कामातला. बेळगावच्या पावसाळ्यात सँडमधला, म्हणजे साच्याच्या मातीतला ओलावा वाढतो, कास्टिंगला ब्लोहोल म्हणजे आतून भोकं पडतात आणि रिजेक्शन चढतं. त्यावर दोन पावसाळे रोज वहीत नोंदी ठेवल्या होत्या. जाताना विमानांनी मिळून जवळपास सहा तास उशीर केला. तरी तो दिवस मला चांगला गेला असंच वाटतं. कसा गेला ते सांगतो, मग तुमचेही अनुभव लिहा.

तिकीट सांबऱ्याहून सकाळी ८.४० चं, हैदराबादला बदलून दुपारी चारपर्यंत कोलकाता. पहाटे सहाला रिक्षा केली. गांधीनगर मागे पडलं आणि बागलकोट रस्त्यावर धुकंच धुकं. रिक्षावाला दिवे लावून, मान बाहेर काढून अंदाजानं गाडी हाकत होता. विमानतळावर पोचलो तर फलकावर सुटायची वेळ ९.५०. चहा घेईपर्यंत ती ११.१५ झाली. तेवढ्यात काउंटरवर आवाज चढायला लागले होते. एकाची मुलाखत होती, एकाला दवाखान्यात तारीख मिळालेली. त्यांचा जीव कसा तळमळत असेल ते समजत होतं.

मी विचार करत बसलो की फाउंड्रीत आम्ही रोजच वाट बघतो, मग तिथं जीव असा का होत नाही? लोखंड १४०० अंशाच्या आसपास आल्याशिवाय साच्यात ओतता येत नाही. घाई केली तर धातू साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच थिजतो. तिथं हातात पायरोमीटर असतो. किती अंशावर आलंय, अजून किती बाकी आहे ते दिसतं, म्हणून वाट बघणं जड जात नाही. विमानतळावर नुसता फलक बदलतो, आत काय चाललंय ते कळत नाही. जाच होतो तो त्याचा.

म्हणून गर्दी ओसरल्यावर काउंटरवरच्या मुलीला "कधी सुटणार?" हे विचारलंच नाही. म्हटलं, "बाळ, आपलं विमान आत्ता कुठं आहे?" तिनं लगेच बघून सांगितलं, "काका, अजून हैदराबादलाच आहे. इथलं धुकं निवळल्याशिवाय तिकडून सोडणार नाहीत." झालं, मला माझा पायरोमीटर मिळाला. विमान तिकडून निघालं की सव्वा-दीड तास, इथं उतरल्यावर अर्धा तास. म्हणजे साडेनऊला निघालं तर साडेअकराच्या आत आपण हलत नाही. हा हिशेब मी शेजारच्यांना सांगितला, त्यांनी पुढं सांगितला. दवाखान्यावाल्या गृहस्थांनी तिथूनच फोन करून दुसऱ्या दिवसाची वेळ मागून घेतली. बाकीची माणसं सैल होऊन बसली, डबे उघडले. सौ.नं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी काढली. समोरच्या बाईंनी करदंट काढला. परिषदेतल्या लोकांसाठी घेतलेल्या कुंद्याचा एक डबा तिथंच फुटला, पोरं होती म्हणून.

आता खरी गोष्ट. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक आजी होत्या, नातवाकडे हैदराबादला निघालेल्या. मांडीवर माझे स्लाइडचे छापील कागद होते. त्यांतला कापलेल्या कास्टिंगचा फोटो बघून त्यांनी विचारलं, "ह्यो भोकाचा दगड कसला ओ?" मी सांगत गेलो: साच्यातली माती ओली असते, त्यात तापलेलं लोखंड पडतं, पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. बाहेर पडायला वाट मिळाली नाही की लोखंडातच फुगा होऊन अडकते. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे भाकरीच की. भाकरीला भोक पडलं की वाफ भायेर जातीय, मग कुठली फुगतीय ती? तुमास्नी फुगायला नको असंल तर तुमी भोकं पाडा की."

मी गप्पच झालो. कारण आम्ही तेच करतो! साच्याला तारेनं बारीक भोकं मारतो, त्याला व्हेंट म्हणतो. २६ वर्षांत नवीन पोरांना हे शिकवताना मला भाकरी आठवली नव्हती. पेन काढलं आणि पहिल्या स्लाइडच्या पाठीमागे भाकरीचं चित्र काढलं. पीठ, तवा, वाफ, भोक. आजी सांगत होत्या, मी लिहीत होतो. पीठ किती कोरडं राहिलं की भाकरी थापताना चिरते, हेही त्यांनी हातानं करून दाखवलं.

हैदराबादला पुढचं विमान अर्थातच गेलेलं. तिकीट एकच होतं म्हणून संध्याकाळी ७.५५ च्या विमानात जागा मिळाली. तिथला वेळ सगळाच चांगला गेला असं नाही. सहाच्या सुमाराला उद्घाटन सुरू झालं असणार, हे मनात आलं आणि फार वाईट वाटलं. वर्षभर ज्याची वाट बघितली ते आपल्यावाचून चाललंय. ते वाटू दिलं. मग आयोजकांना फोन केला. त्यांनी सांगितलं, तुमचं वाचन उद्या दहालाच आहे, काळजी करू नका. हा फोन सांबऱ्यातूनच करायला हवा होता. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत भाषण मनात तीनदा म्हटलं, नव्या सुरुवातीसकट.

दुसऱ्या दिवशी भाकरीनं सुरुवात केली. जेवणाच्या वेळी हावड्याचे एक फाउंड्रीवाले शोधत आले. म्हणाले, आमच्याकडे लुची, म्हणजे मैद्याची पुरी फुगते, मी आमच्या पोरांना आता तसंच शिकवणार. पाऊण तास आम्ही सँडवर बोललो. तिकडेही पावसाळ्यात हेच हाल.

तुम्ही काय करता अशा वेळी?

---

शहापूरकरीण | रविवार, रात्री ९.४५

दादा, आजींचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा फोन नंबर घेतलात का? पेपर चांगला झाला ते त्यांना कळायला पाहिजे.

---

उद्यमबागकर | रविवार, रात्री ९.५२

ताई, घेतला. कोलकात्याहूनच फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, जेवलास का.

---

खानापूरचा मास्तर | रविवार, रात्री १०.२०

लेख आवडला, पण एक मुद्दा वेगळा मांडतो. आनंदी राहा म्हणताना आपलं जे हक्काचं आहे ते मागायचं सोडू नये. मागणं आणि चिडणं यांत फरक आहे.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल आणि दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणंपिणं कंपनीनं द्यायचं असतं. उड्डाण अडीच ते पाच तासांचं असेल तर ही मर्यादा तीन तासांची. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक निवडता येतं. धुकं, वादळ अशा कारणांना पैशांची भरपाई मिळत नाही, त्यासाठी काउंटरवर भांडून घसा कोरडा करू नये. पण चहा-नाश्ता शांतपणे मागावा. मी दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या परिषदेला जाताना मागितला. माझ्यामागे तीसेक लोकांना मिळाला. त्यांतल्या बऱ्याच जणांना नियमच माहीत नव्हता. आम्ही सगळे गोल करून खात बसलो. त्या दिवशीचा माझा आनंद त्यातूनच आला.

न ऐकल्यास एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिकीट आणि उशिराच्या मेसेजचा फोटो जपून ठेवा.

---

उद्यमबागकर | रविवार, रात्री १०.३१

मास्तर, अगदी मान्य. मला हे ठाऊक नव्हतं, नाहीतर आजींना चहा माझ्या खिशातून पाजला नसता. अर्थात तो पाजल्याचं समाधान वेगळंच.

---

हवामानवेडा | रविवार, रात्री १०.५०

धुक्याबद्दल थोडं, कारण "कुठं अडलंय" हे कळण्यातच निम्मं समाधान आहे, हे उद्यमबागकरांचं म्हणणं मला फार पटलं.

आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. हिवाळ्यात आभाळ निरभ्र, वारा पडलेला, रानं पाणी पाजून ओली, अशी रात्र असली की जमीन भराभर थंड होते. तिला लागून असलेल्या हवेतला ओलावा बारीक थेंबांत बदलतो. तेच धुकं. सूर्य वर आला, जमीन तापली की ते आपोआप विरतं. म्हणजे सांबऱ्याला जानेवारीत सकाळी साडेसातला काही दिसत नसेल, तर नऊ-साडेनऊनंतर आशा धरावी. त्याआधी फलकाकडे दर पाच मिनिटांनी बघून उपयोग नाही. मी तेवढ्या वेळात बाहेर काचेतून दिसणारी शेवटची वस्तू कुठली ते बघत राहतो. आधी दिव्याचा खांब दिसतो, मग कुंपण, मग पलीकडची झाडं. झाडं दिसायला लागली की सामान आवरतो.

दुसरी गोष्ट, एकच विमान दिवसभरात चार-पाच गावं फिरतं. सकाळी कुठंतरी दोन तास अडकलं की ते दोन तास रात्रीपर्यंत त्याच्या मागे लागतात. म्हणून आपल्याकडे लख्ख ऊन असलं तरी विमान उशिरा येऊ शकतं. फ्लाइटरडार या ॲपवर विमानाचा क्रमांक टाकला की ते कुठं आहे ते दिसतं.

जाता जाता, सांबऱ्याची धावपट्टी १९४२ सालची, दुसऱ्या महायुद्धातली. नवी इमारत २०१७ ला झाली. बसून राहायची वेळ आली तर पोरांना हे सांगा. शेजारीच हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे तेही सांगा. पोरं खिडकीला चिकटतात.

---

कॅम्पातली डॉक्टर | रविवार, रात्री ११.१५

मी परिषदांना वरचेवर जाते, आणि उशीर झाला की माझ्याकडे कुणी ना कुणी पेशंट येतोच. बहुतेक वेळा मधुमेहाचा. सकाळी इन्सुलिन घेतलं, नाश्ता विमानात मिळेल म्हणून थांबले, विमान लांबलं, साखर खाली गेली. घाम, हात थरथरणं, चिडचिड. घरचे म्हणतात, उशिरामुळे चिडलेत. चिड नसते ती, साखर उतरलेली असते.

म्हणून हात जोडून सांगते. जेवणासाठी घ्यायचं इन्सुलिन खाणं समोर आल्यावरच घ्या. इन्सुलिन आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. एका दिवसाचं औषध जास्त घ्या. तासाभरानं उठून चाला, विशेषतः वयस्कर मंडळींनी. आणि पाणी प्या. सारखं उठावं लागेल म्हणून पाणी टाळणारे फार आहेत.

मन ताजं ठेवायचा माझा स्वतःचा मार्ग म्हणजे पोस्टकार्ड. पर्समध्ये पाच कोरी कार्डं असतात. विमान लांबलं की कुणाला तरी लिहायला बसते. माझ्या धाकट्या मावशीकडे अशी अकरा कार्डं जमलीत. प्रत्येकावर कोपऱ्यात तिनं तारीख आणि "विमान लेट" असं लिहून ठेवलंय.

---

निपाणीकर | सोमवार, सकाळी ७.३०

आम्हा निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, उजळाईवाडीच्या विमानतळावरून जातो. पण वाट बघणं तिकडंही आहेच की ओ.

माझं एकच सांगणं. परिषदेचं विमान आदल्या दिवशीचं घ्या. तंबाखू संशोधनाच्या कामानं मला दोन-तीनदा बाहेर जावं लागलं. एकदा त्याच दिवशीचं तिकीट काढलं आणि पोचेपर्यंत सत्र संपलं होतं. त्या दिवशी कुणी कितीही सांगितलं असतं तरी मला हसू आलं नसतं. आता एक रात्र आधी पोचतो. उशीर झाला तर झोप कमी होते, काम बुडत नाही. मग गप्पाही सुचतात आणि शेजारच्याला दशमी द्यायचंही सुचतं.

आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर. दोन वेगळी तिकिटं काढून तीनशे रुपये वाचवायला गेलं, तर पुढचं विमान चुकल्यावर कुणी विचारत नाही.

---

शहापूरकरीण | सोमवार, सकाळी ८.०५

डब्याबद्दल बायकांच्या बाजूनं सांगते. दशमी, धपाटे, शेंगाची चटणी, भडंग, हे सगळं टिकतं आणि वाटता येतं. सुकं खोबरं मात्र बॅगेत टाकू नका. देवाच्या प्रसादाची वाटी असली तरी काढायला लावतात. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून. माझ्या सासूबाईंचा जीव तिथं फार हळहळला होता. तपासणीवरच्या मुलानं स्वतः हात जोडून त्यांना समजावलं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं.

आणि कोलकात्याला अडकलात तर विमानतळावर उडान यात्री कॅफे बघा, डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेलं. चहा १० रुपये, समोसा २०.

---

भीमगडप्रेमी | सोमवार, दुपारी ३.१०

हा धागा आत्ता वाचतोय, कारण आत्ता सांबऱ्यातच बसलोय. दिल्लीला चाललोय, वन्यजीवांवरची विद्यार्थ्यांची परिषद आहे. माझं पोस्टर बारापेडे गुहेतल्या वटवाघळांवर आहे. आपल्या खानापूर तालुक्यातली, 'रॉटनची वटवाघळं' नावाची जात. पहिलाच विमानप्रवास, पहिलीच परिषद. बाहेर कडक ऊन आहे आणि विमान दोन तास चाळीस मिनिटं लेट. घरचे सारखे फोन करायलेत. उद्या सकाळी नऊला पोस्टर लावायचंय. छातीत धडधडतंय.

---

हवामानवेडा | सोमवार, दुपारी ३.१८

घाबरू नको. दिल्लीत आज सकाळी दाट धुकं होतं, त्याचा हा परिणाम. तुझं विमान तिकडूनच येणार आहे. क्रमांक टाकून बघ, निघालं असेल.

---

भीमगडप्रेमी | सोमवार, दुपारी ३.२४

निघालंय! भोपाळच्या पुढं दिसतंय.

---

उद्यमबागकर | सोमवार, दुपारी ३.३०

बाळ, मग आता तुझा पायरोमीटर तुझ्या हातात आहे. आधी आयोजकांना एक मेसेज टाक की रात्री उशिरा पोचतोय, सकाळी नऊला हजर आहे. मग घरी एकच मेसेज कर, "विमान भोपाळच्या पुढं आलंय, उतरल्यावर फोन करतो." नुसतं लेट आहे म्हटलं की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

आणि पोस्टर नळीत गुंडाळलेलं असेल ना? उघड ते. आसपास पोरं असतील, त्यांना दाखव. उद्या जे परीक्षकांना सांगायचंय ते आज त्यांना सांग.

---

खानापूरचा मास्तर | सोमवार, दुपारी ३.३४

आणि दिल्लीचं उड्डाण अडीच तासांच्या जवळपासचं असतं. उशीर तीन तासांवर जायला लागला तर काउंटरवर खाण्याचं विचार. नम्रपणे, पण विचार.

---

कॅम्पातली डॉक्टर | सोमवार, दुपारी ३.४१

दुपारी जेवलास का? धडधड पोट रिकामं असल्यामुळेही होते. आधी खा.

---

भीमगडप्रेमी | सोमवार, दुपारी ४.३५

खाल्लं. चार जणांना भडंग दिलं, एका मावशींनी थालीपीठ दिलं.

पोस्टर दोन खुर्च्यांवर पसरलं. आधी दोनच पोरं आली, मग सात-आठ, मग त्यांचे आईबाप. गुहेचा फोटो बघून हलग्याचे एक काका म्हणाले, आमच्या गावापासून इतक्या जवळ हे आहे आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यांना नकाशा काढून दिला, पण आत जाऊन वटवाघळांना त्रास द्यायचा नाही असं वचन घेतलं. "वस्तीचं ठिकाण" हा शब्द कुणालाच कळला नाही, म्हणून आता मी "घर" म्हणणार आहे. धडधड कधी थांबली ते लक्षातच आलं नाही.

---

उद्यमबागकर | सोमवार, दुपारी ४.४०

शाब्बास रे पठ्ठ्या.

---

भीमगडप्रेमी | सोमवार, दुपारी ५.२२

बोर्डिंग लागलं. एका चौथीतल्या मुलीनं विचारलंय, धुक्यात विमान थांबतं, मग वटवाघूळ पण थांबतं काय. तोंडानं बारीक आवाज काढून त्याच्या पडसादावरून ती वाट काढतात, इथपर्यंत सांगून झालंय. ती माझ्या मागच्याच ओळीत आहे, बाकीचं विमानात सांगतो म्हटलंय.